डोंगराला उपदेशक करू नका

मे सरला की महाडात दोन विषय निघतात. सावित्रीचं पाणी यंदा बाजारपेठेत कुठवर चढणार, आणि वरंध घाट कधीपासून बंद ठेवणार. यंदा आमच्या छोट्या मंडळीत तिसरा विषय निघाला. जूनच्या एका रविवारी बाहेरगावचे उपदेशक आले होते. आवाज भरदार, शास्त्र तोंडपाठ, तळमळही खरी. मागच्या चुका आणि संकटं यांतून ख्रिस्ती माणसानं काय शिकावं, यावर ते तासभर बोलले. बोलता बोलता तळीयेवर आले. २२ जुलै २०२१ रोजी वरंध भागातल्या त्या गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. उपदेशक म्हणाले, प्रभूनं या खोऱ्याला धडा दिला. ज्याला कान होते त्यानं ऐकला. पुढे म्हणाले, विश्वासणाऱ्यानं मागं वळून बघू नये, धुतलं गेलेलं पाप उकरू नये. आणि शेवटी म्हणाले, संकटात कुरकुर करणारा, याला त्याला जाब विचारत फिरणारा माणूस अजून काहीच शिकलेला नसतो.

मंडळी ‘आमेन’ म्हणाली. मीही म्हणाले, सवयीनं. घरी येईपर्यंत तो शब्द घशात अडकून राहिला. हे लिहायला बसले ती तो परत घ्यायला.

उपदेशकांचं नाव मी घालत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. साक्ष द्यायला उभा राहणारा प्रत्येक तिसरा माणूस हेच बोलतो: मी भटकलो होतो, देवानं मला आजारी पाडलं, नोकरी घालवली, मग मी शुद्धीवर आलो. स्वतःबद्दल कुणी असं म्हणत असेल तर त्याच्या आणि देवाच्या मध्ये मी पडणार नाही. पण तेच माप शेजाऱ्याच्या दारात नेऊन त्याचं दुःख मोजायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? हे विचारताना मी स्वतःला बाजूला ठेवत नाही, कारण मी स्वतः ते केलं आहे, आणि तेही वरंधला.

दरडीनंतर आठ-दहा दिवसांनी आम्ही चौघं-पाचजण टेम्पोत चादरी, तांदूळ, मेणबत्त्या घेऊन निघालो होतो. महाड तेव्हा चिखलातून वर येत होतं. दुकानादुकानांतून सडलेल्या धान्याचा आणि ओल्या कापडाचा वास. वरंधला एका पडवीत सामान उतरवलं. तिथं साठीच्या पुढची एक बाई बसली होती. तिची लेक तळीयेला दिलेली. दरडीच्या दोन दिवस आधी ती लेकीकडून परत आली होती, आवणीची कामं होती म्हणून. लेक वाचली, नात गेली. मी तिच्या हातात चादर ठेवली, आणि बोलायला हवं म्हणून बोलले, “देवानं तुम्हांला राखलं ते काहीतरी कारणानंच, मावशी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “आन् पोरीला?”

एवढंच. मी पुढच्या माणसाला चादर द्यायला वळले. वर्गात मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला की मी कधी पळाले नव्हते. तीस वर्षं शाळेत काढली. त्या दिवशी पळाले. माझं बोलणं चुकीच्या वेळी आलं, एवढंच मला तेव्हा वाटलं. ते मुळातच चुकलं होतं, हे समजायला पुढं बराच काळ जावा लागला. म्हणून उपदेशकांना मी जे सांगते आहे ते आधी मला सांगितलेलं आहे.

पहिलं धड्याचं. धडा म्हणायचा तर शिकणारा जिवंत हवा. ढिगाऱ्याखाली गेलेलं मूल काय शिकलं? त्याच्या मरणातून इतरांनी शिकावं असं म्हणाल, तर देव एका लेकराला खडूसारखा झिजवतो आणि दुसऱ्याला अक्षर दाखवतो, असं त्याचं रूप होतं. ज्या पित्याची ओळख येशूनं करून दिली त्याचं हे रूप नव्हे. चिमणी जमिनीवर पडली तरी ज्याला कळतं, त्याच्या नावावर हे खपवू नका.

आणि डोंगर का आला, हे काय गूढ आहे? त्या आठवड्यात महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथंच उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. सह्याद्रीचा उतार उभा, कातळावर झिजलेल्या मातीचा जाड थर, त्यात पाणी मुरत गेलं की मातीचा कातळावरचा धर सुटतो. कुठं रस्त्यासाठी पायथा कापलेला, कुठं झाडं तुटलेली. आधी भेगा पडतात, झऱ्यांचं पाणी गढूळ होतं, झाडं आणि विजेचे खांब कलतात. ही लक्षणं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतात. शाळेच्या पुस्तकात मात्र ती मला कधी सापडली नाहीत, आणि मीही ती कधी शिकवली नाहीत.

देवानं धडा दिला म्हणणाऱ्यांनी मग २००५ आठवावं. २५ आणि २६ जुलैच्या त्या पावसात याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी आल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पाहण्या झाल्या, याद्या झाल्या. २०१४ मध्ये घाटापलीकडे आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं, दीडशे माणसं. मग तळीये, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडी, आणि तेव्हा विधानसभेत सांगण्यात आलं की ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हतीच. म्हणजे ज्यांनी शिकायचं होतं ते शिकले नाहीत, आणि दर वेळी मेले ते दुसरेच. याला देवाची शाळा म्हणणं म्हणजे माणसाची कुचराई देवाच्या हजेरीपटावर लिहिणं.

हेच महाड तुम्हांला उलटी उदाहरणंही देईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एसट्या आणि आणखी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढच्या ५ जूनला नवा पूल उभा राहून वाहतूक सुरू झाली होती. इच्छा असली की आपण दहा महिन्यांत शिकतो. २४ ऑगस्ट २०२० ला महाडातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. इमारत जेमतेम काही वर्षांची. तेव्हा गुन्हा बिल्डरवर आणि इतर जबाबदारांवर दाखल झाला. प्रभूनं धडा दिला असं कुणी म्हणालं नाही. सिमेंट पडलं तर माणूस दोषी, माती पडली तर देव. का? सिमेंटखालच्या माणसाला वकील मिळतो आणि मातीखालचा शेतकरी असतो, म्हणून?

शास्त्राकडे येऊ, कारण उपदेशक शास्त्राच्या बळावर बोलत होते. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय त्यांनी कसा गाळला, हे मला खरंच कळलं नाही. यरुशलेमेत शिलोहाजवळचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लोकांच्या मनात तोच प्रश्न होता जो महाडच्या मंडळीत होता: यांचं काही पाप असेल का? येशूनं त्याला स्पष्ट नाही म्हटलं. ते अठराजण यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी नव्हते. मग ऐकणाऱ्यांना म्हणाला की तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांच्या पापाची चौकशी त्यानं बंद केली आणि जिवंत माणसांच्या पापाची उघडली. उपदेशकांनी क्रम उलटवला. त्यांच्या प्रवचनात मेलेले शिकवणीचं साधन झाले आणि जिवंत आम्ही वाचल्याच्या समाधानात ‘आमेन’ म्हणून मोकळे झालो.

त्याच अध्यायात बुरुजाला लागूनच अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक तोडायला सांगतो, माळी एक वर्ष मागून घेतो: भोवती खणतो, खत घालतो. आमच्याकडे कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाच्या आधी आंब्याला आळं करतात, शेणखत घालतात, तेव्हा हात मनगटापर्यंत शेणानं भरतात. पश्चात्तापाचं चित्र येशूनं तिथं असं काढलं, कुदळ आणि खताचं. आपण ते माईक आणि अश्रूंचं करून ठेवलं.

जन्मांध माणसाची गोष्ट तर शिष्यांनीच बिघडवायला घेतली होती. पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोघांचंही नाकारलं आणि माती कालवून कामाला लागला.

आणि ईयोब. ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत. त्या पुस्तकात त्यांच्या हातून घडलेली ती एकमेव बरी गोष्ट. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते आमच्या उपदेशकांसारखंच बोलत राहिले: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, अर्थात काहीतरी केलंच असशील, शीक. शेवटी देव बोलला तेव्हा राग आला तो या मित्रांचा. यांनी माझ्याविषयी खरं सांगितलं नाही, असं त्यानं अलीफजाला सुनावलं, आणि ईयोबानं त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असं ठरवलं. जो देवाशी भांडला, ज्यानं जाब विचारला, त्याची बाजू देवानं उचलली. चुकीतून शिकायचं होतं ते सांत्वन करायला आलेल्यांना. या पुस्तकावर मी किती प्रवचनं ऐकली, त्यांत ईयोबाच्या धीराचं कौतुक असतं. मित्रांच्या चुकीवर एक तरी ऐकल्याचं आठवत नाही.

उपदेशक याला उत्तर देतील, ते मला ठाऊक आहे, आणि ते हलकं नाही. इब्री लोकांस पत्रात बारावा अध्याय आहे, बाप ज्या मुलावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. रोमकरांस पत्रात पाचवा अध्याय आहे, संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, त्यातून आशा. हे शब्द मी माझ्या आजारपणात उशाशी ठेवले आहेत, त्यांना कमी लेखणार नाही. पण ते कुणी कुणाला लिहिले ते बघा. विश्वासासाठी सोसणाऱ्या माणसांना, त्यांच्यातल्याच माणसांनी, ‘आपण’ म्हणून लिहिले. रोमकरांस लिहिणाऱ्या पौलाच्या पाठीवर फटक्यांचे वळ होते. तो आपल्या दुःखाचा अर्थ लावत होता. दुसऱ्याच्या सुतकात जाऊन त्यानं तुझ्या घरच्यांना देवानं शिस्तीसाठी नेलं असं सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. रडणाऱ्यांबरोबर रडा असं मात्र त्याच रोमकरांस पत्रात आहे, आणि त्याला पुढं कसलं स्पष्टीकरण जोडलेलं नाही.

महाडच्या माणसानं तर ही शिकवण दुरूनच ओळखायला हवी. तुझं दुःख हे तुझ्याच मागच्या कर्माचं फळ, निमूट भोग, हे या देशात शतकानुशतकं सांगितलं गेलं, आणि ज्यांना सांगितलं गेलं त्यांना इथल्या तळ्याचं पाणी बंद होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर मंडपात लोकांना मार बसला आणि तळं पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ केलं गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावात मनुस्मृतीचं दहन झालं. कष्ट हे पापाचं फळ आहे हा विचार जिथं जाहीरपणे नाकारला गेला, त्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीनं तोच विचार नवे कपडे घालून व्यासपीठावर बसवावा? आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज त्याच विचाराच्या जाचातून सुटण्यासाठी ख्रिस्ताकडे आले. त्यांना आपण काय तोंड दाखवणार?

आता दुसरं म्हणणं: मागं बघू नका. इथं उपदेशकांनी फिलिप्पैकरांस पत्राचा आधार घेतला. पण त्या पत्रात पौल मागं काय टाकतो? आपलं कूळ, आपलं परूशीपण, नियमशास्त्रातली आपली निर्दोषता, म्हणजे मानाची सगळी यादी. मंडळीचा छळ केल्याची गोष्ट मात्र तो पत्रापत्रांतून पुन्हा पुन्हा सांगतो. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं ते चारही शुभवर्तमानांत आहे. पहिल्या मंडळीत पेत्र केवढा मोठा माणूस. त्याच्या मानापोटी ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. दावीदाला नाथानानं त्याचं पाप तोंडावर सांगितलं, आणि येशूच्या वंशावळीत मत्तयानं उरीयाच्या बायकोचा उल्लेख तसाच ठेवला. ख्रिस्ती लोकांचा ग्रंथ आपल्या थोरांच्या चुका जपून ठेवतो. आपण साक्षीत ‘जगात होतो तेव्हा वाईट होतो’ एवढ्या एका वाक्यात सगळं गुंडाळतो. कुणाचं काय बुडवलं, कुणाला काय बोललो, यातलं काही येत नाही. जक्कयाच्या घरी तारण आलं तेव्हा त्यानं आकडा सांगितला होता: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलं असेल तर चौपट परत.

मराठीत प्रामाणिकपणाचा याहून जवळचा नमुना आपल्या घरातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, संसार तुटला, पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सोवळं सुटलं नाही. नवऱ्यापासून पाणी वेगळं, चूल वेगळी. जातीचा विटाळ मनातून कसा कणाकणानं गेला ते त्यांनी लिहिलं आहे, स्वतःला जराही न झाकता. एका प्रार्थनेत सगळं झालं असं त्या म्हणत नाहीत. हा माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसानं दिलेला सर्वांत खरा कबुलीजबाब आहे, आणि तो वाचताना हसू येतं म्हणून त्याला कुणी साक्ष म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं. खुद्द टिळकांनी वीसेक वर्षं मिशनची सेवा केल्यावर १९१७ मध्ये पगारी काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडायला घेतला. परदेशी साच्यात ओतलेला ख्रिस्त आपल्या लोकांना परका वाटतो, हे शिकण्याची किंमत त्यांनी उतारवयात मोजली.

मंडळी म्हणूनही आपल्याला मागं बघायचं आहे, ते टाळता येणार नाही. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या. पुढं काही वर्षांत मिशनचा भार मुंबई-पुण्याकडे गेला. आमच्या खोऱ्यात ख्रिस्ती घरं अजून मोजकीच आहेत. देशावर वेगळं घडलं. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा छप्पन्नचा. नगर भागात उपाशी माणसं मिशनच्या दाराशी आली, आणि त्या वर्षांत बाप्तिस्म्यांचे आकडे वाढले. ज्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून अन्न दिलं त्यांना मी नमस्कार करते. पण दुष्काळ म्हणजे देवानं उघडलेलं दार, असं जेव्हा कुणी म्हणालं, तेव्हा चूक झाली. भुकेल्याची भूक ही सुवार्तेची संधी नसते. ‘भाकरीचे ख्रिस्ती’ हा टोमणा आपले आजे-पणजे ऐकत आले. त्यात लोकांचा द्वेष होता तसाच आपल्या बोलण्याचाही वाटा होता. आणि आज तळीयेच्या दरडीला प्रभूचा धडा म्हणणारा माणूस त्याच उंबऱ्यावर उभा आहे. आपत्तीकडे बघून त्याला आधी आपला उपदेश सुचतो.

तिसरं म्हणणं: जाब विचारू नका. त्यासाठी मला पंडिता रमाबाईंना बोलवावं लागतं. कष्टातून शिकणं म्हणजे काय, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांत मराठीत त्यांच्याइतकं मोठं नाव मला दिसत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, मागोमाग आई, बहीण. भावाबरोबर पायी देश तुडवला, तोही १८८० मध्ये गेला. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला, पदरात लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढं ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये सदनावरून वाद उठला, तेव्हा रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढलं, पालकांनी मुली नेल्या. पुढं त्यांनी लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नामांकित बाईनं असं लिहायला धैर्य लागतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई काय करते? आपल्या भुकेचा अर्थ सांगणारं भाषण देत बसत नाही. उठून तिकडे जाते आणि सुमारे ३०० मुली घेऊन येते. केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहते: शेती, विहिरी, माग, छापखाना. वीस वर्षांपूर्वी पोटात पडलेली आग आता चुलीखाली आली. त्या मुलींनी दुष्काळातून काय शिकावं हे ठरवणं तिनं आपलं काम मानलं नाही. आपण काय शिकलो हे मात्र तिनं खिचडीच्या पातेल्यातून दाखवलं.

आणि जाब? १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय दशा होते, यावर रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात उघड पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, राज्यकर्ते ख्रिस्ती, मदतीचा पैसा परदेशातून येणारा. गप्प बसायला तिच्याजवळ आपल्या सगळ्यांहून अधिक कारणं होती. गव्हर्नरांनी तिचं म्हणणं फेटाळलं तरी तिनं ते मागं घेतलं नाही. ही कुरकुर होती का? हिला अजून शिकायचं राहिलं होतं का? विश्वास कमी म्हणून माणूस जाब विचारतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्तोत्रांचं पुस्तक पुन्हा उघडावं. त्यातली कितीतरी स्तोत्रं देवालाच जाब विचारतात.

तळीयेच्या लोकांनी दरडीनंतरचे पावसाळे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत काढले. पत्र्यावर पावसाचा आवाज असा होतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पक्क्या घरांचं काम म्हाडाकडे दिलं, ते लांबत गेलं. या काळात आपल्या मंडळ्यांनी किती अर्ज लिहिले? ग्रामसभेत कितीजण जाऊन बसले? चादरी दिल्या, फोटो काढले, उपदेशाला एक उदाहरण मिळालं. मी यात आहे.

मग आपण शिकायचं काय, असं उपदेशक विचारतील. मी शिक्षिका, मला अभ्यासक्रम सांगायची खोड आहे, तरी थोडक्यात सांगते. आमच्या प्रार्थनेची खोली चढावर आहे, पुराचं पाणी तिथं कधी पोहोचलेलं नाही. २०२१ च्या त्या रात्री ती कुलूपबंद होती, कारण किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावाला गेले होते आणि कुणाला सुचलंही नाही. खालच्या आळीतली माणसं माळ्यावर आणि गच्चीवर रात्रभर भिजत बसली. हे पाप आहे, आणि हे आमचं आहे. ते धुतलं गेलं म्हणून विसरून जाणं मला मान्य नाही. आता जून ते सप्टेंबर एक किल्ली शेजारच्या घरी खिळ्याला असते, जातीधर्माचा प्रश्न न करता. वाड्यांवर ओळखीच्या पोरांना मी भेगा, गढूळ झरे, कललेले खांब यांची लक्षणं सांगत फिरते, पोलीस पाटलांचा नंबर पाठ करून घेते. एवढंच जमतं. उपदेशकांच्या मंडळीत किल्ली कुणाकडे असते, हे त्यांनी परत गेल्यावर विचारावं अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

दरडीनंतरच्या वर्षी, भातं कापून झाल्यावर, मी एकटीच वरंधला गेले. एसटीतून उतरून त्या पडवीत पोहोचले तेव्हा मावशी नाचणीची कणसं झोडपत होत्या. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. मी सांगितलं, मागच्या वर्षी मी तुम्हांला एक बोलले होते, ते चुकीचं होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत. सूप माझ्याकडे सरकवलं. मला नीट पाखडता येत नाही, अर्धी नाचणी भुशाबरोबर जात होती. त्यांनी सूप परत घेतलं आणि चहा टाकायला आत हाक दिली. लेक बाहेर आली, तीही बसली. कोरा चहा झाला, उन्हं कलली, शेवटच्या गाडीची वेळ होत आली. मी उठायला लागले तेव्हा मावशींनी नातीचं नाव सांगितलं, कितवीत होती ते सांगितलं, आणि तिला पाढे येत नव्हते, सतराच्या पाढ्याला ती रडायची, हेही. लेक म्हणाली, अठराचा यायचा तिला. मग दोघींचं त्यावर बराच वेळ चाललं, सतरा की अठरा. माझी गाडी गेली. मी तिथंच राहिले.